वाटणी आधी, मोजणी मागाहून

पाणीतंट्यांच्या बातम्या वाचून टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, हे एकक आपल्या परिचयाचे झाले आहे. १९७३ साली कृष्णेचे वाटप करताना बच्छावत लवादाने ७८ वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि चारपैकी तीन वर्षे हमखास मिळेल एवढेच, म्हणजे २०६० टीएमसी पाणी हिशेबात धरले. नोंदी तुटपुंज्या असल्या तर काय होते, हे पाहायला मात्र आपल्याला अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीवर जावे लागेल.

नोव्हेंबर १९२२ मध्ये हर्बर्ट हूवर यांच्या अध्यक्षतेखाली सात राज्यांनी ही नदी वाटून घेतली. वरच्या खोऱ्याला ३२७ टीएमसी, खालच्यालाही तेवढेच. (काठावरच्या मूळ रहिवाशांना कोणी बोलावलेच नव्हते.) नदीत ७०० टीएमसीहून अधिक पाणी येते असे धरले होते, तेही जेमतेम दोन-तीन दशकांच्या मोजणीवरून. ई. सी. लारू या सरकारी जलतज्ज्ञाने १९२५ च्या अहवालात पाणी पुरणार नाही असे मांडले. ऐकतो कोण! १९४४ च्या तहाने मेक्सिकोलाही ६५ टीएमसी कबूल झाले.

खरा हिशेब झाडांनी दिला. त्या रुक्ष प्रदेशात ओल्या वर्षी खोडात रुंद वलय पडते, कोरड्या वर्षी अरुंद. झाड न तोडता खोडातून पेन्सिलीहून बारीक कांडी काढून ही वलये मोजता येतात. १९७६ मध्ये स्टॉक्टन आणि जॅकोबी यांनी अशा वलयांवरून सुमारे साडेचारशे वर्षांचा प्रवाह काढला. सरासरी भरली ५९० टीएमसीच्या आसपास! करार ज्या वर्षांच्या आधारे झाला, ती या साऱ्या काळातल्या सर्वांत ओल्या वर्षांत मोडणारी निघाली. आम्हां संशोधकांना लांबलचक नोंदींचा सोस असतो तो यासाठी.

इथवर दोष मोजणीचा होता. आता नदीच बदलते आहे. २००० नंतरची सरासरी ५४० टीएमसीच्या जवळपास आहे, आणि त्याला केवळ पावसाची ओढ कारणीभूत नाही. कोलोरॅडो मुख्यतः रॉकी पर्वतातल्या हिमावर पोसते. हिम ऊन परतवून लावते. ते लवकर वितळले की उघडी जमीन तापते आणि बाष्पीभवन वाढते. मिली व डन यांच्या २०२० च्या अभ्यासानुसार दर १ अंश सेल्सिअस तापमानवाढीमागे प्रवाह सुमारे ९ टक्के घटतो. ऑगस्ट २०२१ मध्ये या नदीवर प्रथमच अधिकृत तूट जाहीर झाली आणि पहिला फटका ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांना बसला. १९२२ चा करार मात्र अजून रद्द झालेला नाही.