पीसीओएस आणि लैंगिक इच्छा: टेस्टोस्टेरॉन जास्त, मग इच्छा कमी का?

पाळी वेळेवर येते का? वजन वाढलंय का? मूल कधी हवंय? पीसीओएससाठी डॉक्टरांकडे गेलं की हे प्रश्न ठरलेले असतात. लैंगिक इच्छेबद्दल मात्र सहसा कुणी विचारत नाही. शेजारी आई किंवा सासूबाई बसलेल्या असतील तर आपणही विषय काढत नाही. मग 'माझ्यातच काहीतरी कमी आहे' असं मनाशी ठरवून अनेकजणी गप्प बसतात.

पीसीओएस म्हणजे काय?

पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. आपल्याकडे अनेकजण याला 'पीसीओडी'च म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या १० ते १३ टक्के महिलांना हा त्रास असतो आणि त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत महिलांचं निदानच झालेलं नसतं. अनियमित पाळी, चेहऱ्यावर केस, मुरुम, वजन वाढणं ही त्याची नेहमीची लक्षणं.

हार्मोन वाढलं, की इच्छाही वाढते?

पीसीओएसमध्ये टेस्टोस्टेरॉनसारखे अँड्रोजेन हार्मोन्स अनेकदा वाढलेले असतात. त्यामुळे इच्छाही वाढत असेल, असं कुणालाही वाटेल. पण महिलांच्या बाबतीत रक्तातलं टेस्टोस्टेरॉन आणि इच्छा यांचा इतका सरळ संबंध दिसत नाही. पीसीओएस असलेल्या काहीजणींना काहीच फरक जाणवत नाही, काहींची इच्छा वाढते, तर अनेकींची इच्छा किंवा समाधान कमी होतं.

मग कमी का होते?

कारण इच्छा एका हार्मोनवर चालत नाही.

- शरीराबद्दलचा संकोच: हनुवटीवरचे केस, पोटाचा घेर यांची लाज वाटत असेल तर जवळीक नकोशी होते.
- मनःस्थिती: पीसीओएसमध्ये नैराश्य आणि चिंतेचं प्रमाण जास्त आढळतं. दोन्हींमुळे इच्छा कमी होते.
- थकवा: झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, पीसीओएसमध्ये जास्त दिसतो. झोपच नीट झाली नाही तर बाकी कशात मन कसं लागणार?
- 'गुड न्यूज'चा दबाव: तारखा मोजून संबंध ठेवावे लागले की त्यातली ओढ संपते आणि उरतं ते काम.

गोळ्यांमुळे असं होतं का?

पाळी नियमित करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या हार्मोनच्या गोळ्यांमुळे रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन कमी होतं. म्हणूनच मुरुम आणि केस आटोक्यात येतात. इच्छेवर मात्र बहुतेकींना फारसा परिणाम जाणवत नाही. काहींना ती कमी झाल्यासारखी वाटते, काहींना वाढल्यासारखी. नैराश्यावरच्या काही औषधांनीही इच्छा कमी होते.

पण शंका आली म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका. पाळी महिनोन्‌महिने आली नाही तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि पुढे त्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो. या गोळ्या त्यापासूनही संरक्षण देतात. त्रास होत असेल तर पर्याय विचारा.

डॉक्टरांशी कसं बोलायचं?

'मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय' असं सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. मग सरळ सांगा: 'माझी इच्छा कमी झालीये, अमुक महिन्यांपासून, आणि मला त्याचा त्रास होतोय.' गोळ्या सुरू केल्यानंतर हे झालं का, तेही सांगा. थायरॉइड किंवा प्रोलॅक्टिनची तपासणी लागेल का, विचारा; त्यांच्या बिघाडानेही पाळी आणि इच्छा दोन्हींवर परिणाम होतो. संबंधांच्या वेळी दुखत असेल तर ते आवर्जून सांगा. त्याचं कारण वेगळं असू शकतं.

पीसीओएसच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही लैंगिक आरोग्याचा समावेश आहे. म्हणजे हा प्रश्न आगाऊपणाचा नाही, उपचारांचाच भाग आहे. ऑनलाइन मिळणारी 'हार्मोन बॅलन्स' पावडर हे त्याचं उत्तर नव्हे.

आणि एक गोष्ट. इच्छा कमी आहे, पण तुम्हाला स्वतःला त्याचा त्रास नाही? मग तो आजार नाही. आणि ती कमी झाली असेल तर जोडीदारालाही हे वाचायला द्या. 'तुला आता मी आवडत नाही' या भांडणामागे कदाचित हेच कारण असेल.