पाणी ओढतं कोण?

उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की काठावरचा पंप नुसता धडधडत राहतो, पाणी काही येत नाही. मग पाइपाचे सांधे तपासा, फूटव्हॉल्व्ह काढून पाहा, अशी धांदल उडते. पुष्कळदा दोष यातल्या कशातच नसतो. पाणी पंपापासून सातआठ मीटरांहून खाली गेलेलं असतं, एवढंच. तोच पंप विहिरीत खाली उतरवला की धार सुरू!

ही तक्रार जुनी आहे. इटलीच्या गॅलिलिओचा १६३८ साली एक संवादरूप ग्रंथ निघाला. त्यात पंप दुरुस्त करायला आलेला कारागीरच सांगतो, की पंप ठीक आहे, पाणी फार खाली गेलं आहे. तिकडच्या मापानं अठरा हात, म्हणजे सुमारे दहा मीटर, याच्या वर पाणी ओढता येत नाही. गॅलिलिओला वाटलं, लांब दोर स्वतःच्याच वजनानं तुटावा तसा पाण्याचा स्तंभ तुटत असेल. एवढा मोठा माणूस, पण इथं तो चुकला.

उलगडा केला त्याच्या शिष्यानं, टॉरिसेलीनं. पाण्याऐवजी त्यानं पारा घेतला. पाऱ्यानं भरलेली, एका टोकाला बंद असलेली काचेची नळी पाऱ्याच्या भांड्यात उपडी केली, तेव्हा पारा थोडा उतरून सुमारे ७६ सेंटीमीटरांवर थांबला. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. शिक्षकांनी फळ्यावर गुणाकार करून दाखवावा : दहा मीटरांच्या थोडं वर उत्तर येतं. १६४४ साली त्यानं लिहिलं, की आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. त्या समुद्राचा भार पाऱ्याला वर ढकलतो. म्हणजे पंप पाणी ओढतच नाही! तो पाइपातली हवा काढतो, आणि बाहेरची हवा पाणी वर लोटते.

असं असेल तर डोंगरावर हवेचा भार कमी भरला पाहिजे. फ्रान्समधल्या पास्कलनं हे ताडलं आणि आपल्या मेहुण्याला, पेरिएला, पुय द डोम या डोंगरावर पाठवलं. तारीख होती १९ सप्टेंबर १६४८. पायथ्याच्या गावी, मठाच्या बागेत, एक नळी ठेवली आणि तिच्यावर दिवसभर नजर ठेवायला एक साधू बसवला. मला या साधूचं फार कौतुक वाटतं. त्याच्या नळीत दिवसभर काहीच घडलं नाही, आणि तेच तर हवं होतं. वर, सुमारे हजार मीटर चढल्यावर, पारा जवळजवळ साडेआठ सेंटीमीटर उतरलेला होता. पेरिएनं पाच वेळा करून पाहिलं, कधी आडोशाला, कधी उघड्यावर. फरक तोच.

आपल्याकडे महाबळेश्वरची उंची साधारण १,३७० मीटर. तिथं दहा मीटरांची ती मर्यादा नऊच्या आत येते. शिवाय प्रत्यक्षात पाइपातलं घर्षण आणि सांध्यांतून शिरणारी हवा आणखी घट करतात, ती वेगळीच.

हा भार आपल्या अंगावरही आहे बरं का. चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो! पसरलेल्या पंजावर शंभर किलोंहून जास्त. पण हात चेपत नाही, कारण हवा सगळीकडून सारखी दाबते आणि शरीराच्या आतूनही तेवढाच दाब असतो.

एकाच जागीही पारा रोज थोडा वरखाली होतो. हवेचा भार झपाट्यानं उतरलेला पाहून १६६० साली जर्मनीत ओटो फॉन गेरिकेनं वादळाचं भाकीत केलं, आणि वादळ आलं.

आता बोअरमध्ये शंभर मीटर खालून पाणी येतं, मग हा नियम कुठं गेला, असं कोणी विचारील. नियम जागेवरच आहे. पाणबुडी मोटर पाण्यातच बसते आणि पाणी खालून वर ढकलते. हवेच्या भारावर तिला अवलंबून राहावं लागत नाही.