परंडा : वाटेतली राजधानी

पुणे-सोलापूर आणि मिरज-लातूर हे दोन लोहमार्ग कुर्डुवाडीला मिळतात. गाडी बदलताना पाच-सहा तास हाती असतील, तर सडकेने परंड्याचा भुईकोट पाहून परतता येते. इतिहासग्रंथांनीही परंड्याला बहुधा असाच मधला वेळ दिला आहे.

ऑगस्ट १६०० मध्ये अहमदनगर मोगलांनी घेतले. बालराजा बहादूर ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. राजा नाही, राजधानी नाही, अशा वेळी मलिक अंबरने निजामशाही घराण्यातल्या मुर्तझाला परंड्यात गादीवर बसवले. पुढे राजधानी जुन्नरला व नंतर दौलताबादला गेली आणि परंडा 'तात्पुरती राजधानी' एवढ्या दोन शब्दांत उरला. पण निजामशाही १६३६ पर्यंत टिकली, शहाजीराजांचे सुरुवातीचे राजकारण तिच्यात घडले, त्या साऱ्याचा पाया या मुक्कामात आहे.

मुलूख-ए-मैदान तोफेचेही तेच झाले. १५४९ मध्ये ती अहमदनगरला ओतली गेली, नंतर परंड्यात राहिली आणि १६३२ मध्ये मुरार जगदेवाने विजापूरला नेली. आज ती विजापूरची म्हणूनच ओळखली जाते.

परंड्यात येणाऱ्याने राजवाड्याचे वैभव शोधू नये. गादी हरवलेल्या राज्याला दम घ्यायला खंदक आणि दुहेरी तट हवा होता. तो इथे आजही उभा आहे.