न भरणारी जखम आणि दाबाची हवा



आपल्या बचत गटात कर्जाची मागणी पूर्वी बियाण्यासाठी, शेळीसाठी, मुलांच्या फीसाठी यायची. आता पायाच्या जखमेसाठीही येते. शुगर असलेल्या माणसाच्या तळव्याला काटा लागतो, चप्पल चावते, आणि महिने उलटले तरी जखम भरत नाही. मग कुणीतरी सांगतं, शहरात ऑक्सिजनचं मशीन आहे, त्यात बसवा. या उपचाराला हायपरबेरिक ऑक्सिजन म्हणतात. तो आला कुठून, हे आज आपण पाहू.

गोष्ट सुरू होते सतराव्या शतकात. नॅथॅनिएल हेन्शॉ नावाच्या डॉक्टरांनी एक कल्पना मांडली. खोली हवाबंद करायची, लोहाराकडे असतो तशा भात्याने तिच्यात हवा दाबून भरायची आणि रोग्याला आत बसवायचं. गंमत अशी, की हवेत ऑक्सिजन नावाचं काही असतं हेच तेव्हा ठाऊक नव्हतं. ते कळायला आणखी शंभरएक वर्षं गेली.

दाबाच्या हवेचं खरं रूप कळलं ते मजुरांच्या दुखण्यातून. अमेरिकेत न्यूयॉर्कला ब्रुकलिनचा पूल बांधताना नदीच्या तळाशी बिनतळाच्या मोठ्या पेट्या सोडल्या होत्या. पाणी आत शिरू नये म्हणून पेटीत हवा दाबून भरायची आणि मजुरांनी आत खोदायचं. वर आल्यावर त्यांचे सांधे ठणकायचे, काहींचे पाय लुळे पडायचे, काही दगावलेही. मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये याच दुखण्याने अंथरुणाला खिळले. तेव्हा त्यांची पत्नी एमिली गणित शिकली, पुलाचं बांधकाम शिकली. नवऱ्याचे निरोप कामावर नेता नेता तिने दहाएक वर्षं तो पूल पुढे नेला. १८८३ मध्ये पूल पुरा झाला, तेव्हा गाडीतून तो पहिल्यांदा ओलांडण्याचा मान तिला मिळाला.

हे दुखणं का होतं, ते फ्रान्सच्या पॉल बेर यांनी १८७८ मध्ये सांगितलं. सोड्याची बाटली आठवा. बूच घट्ट असतं तोवर वायू पाण्यात विरघळलेला असतो. बूच उघडलं की बुडबुडे येतात. दाबातून माणूस एकदम बाहेर आला, की त्याच्या रक्तात नायट्रोजनचे तसेच बुडबुडे होतात. बेर यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: दाबाखाली ऑक्सिजन जास्त झाला तर झटके येतात.

तरीही काहींनी ही हवा सर्व रोगांवरचं औषध म्हणून वापरली. अमेरिकेतल्या ऑर्व्हल कनिंगहॅम या डॉक्टरांसाठी १९२८ मध्ये क्लीव्हलँड शहरात ६४ फूट व्यासाचा पोलादी गोळा उभा राहिला. आत मजले, खोल्या, सगळी सोय. शुगर आणि कॅन्सरचे रोगीही तिथे जायचे. तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने पुरावा मागितला. कनिंगहॅम तो देऊ शकले नाहीत. काही वर्षांत ते बंद पडलं आणि दुसऱ्या महायुद्धात तो गोळा भंगारात गेला.

पुरावा आला तो नेदरलँड्समधून. ॲमस्टरडॅमचे सर्जन इटे बूरेमा यांनी डुकरांच्या अंगातलं जवळजवळ सगळं रक्त काढून त्या जागी साधं द्रावण भरलं आणि दाबाच्या खोलीत त्यांना ऑक्सिजन दिला. डुकरं जगली. १९६० मध्ये हे छापून आलं. दाबाखाली ऑक्सिजन रक्ताच्या पाण्यातच विरघळतो, हे त्यातून दिसलं. त्यानंतर त्यांच्याच सहकाऱ्यांनी स्नायू सडवणाऱ्या गॅस गँगरीनवर हा उपचार केला.

आजही तत्त्व तेच. शुगरमुळे पायाच्या रक्तवाहिन्या खराब होतात आणि जखमेला ऑक्सिजन कमी पडतो. नवं मांस यायला आणि जंतू मारायला तो लागतो. रोग्याला कोठीत बसवून बहुधा नेहमीच्या दोन ते अडीच पट दाबात ऑक्सिजन देतात. एका वेळी दीडएक तास, अशा वीस ते चाळीस फेऱ्या. शुगरच्या जखमांवर झालेले अभ्यास मात्र एकसारखे नाहीत. काहींत जखमा लवकर भरल्या, काहींत फारसा फरक दिसला नाही. कान दुखू शकतात. आगीचाही धोका असतो. १९९७ मध्ये इटलीतल्या मिलानला अशा कोठीत आग लागून ११ जण गेले. म्हणून आत काडेपेटी, मोबाइल, तेल काहीही नेऊ देत नाहीत.

म्हणून कनिंगहॅमना विचारला गेला, तोच प्रश्न आपणही विचारायचा. डॉक्टर, ही जखम या उपचारातली आहे का? पायाचा रक्तपुरवठा तपासला का? मेलेलं मांस काढणं, ड्रेसिंग, पायावरचा भार कमी करणं, शुगर ताब्यात आणणं, हे सगळं झालं का? हे चालू नसेल तर नुसत्या कोठीचा उपयोग नाही. किती फेऱ्या, एकूण खर्च किती, आणि फरक पडला नाही तर कधी थांबायचं?

कर्जाचा अर्ज आला, की गटाच्या वहीत हे प्रश्न आधी लिहा आणि घरच्यांसोबत एकीने दवाखान्यात जा. आणि आज रात्री झोपण्यापूर्वी घरातल्या शुगरच्या माणसाचे तळवे उजेडात नीट बघा.