रिसीव्हरच्या पाठीवरचा खानदेश

जुना स्टिरिओ रिसीव्हर दिसला की लोक समोरून बघतात. उजळणारी डायल, जड नॉब, लाकडी खोका वगैरे. मला विचाराल तर खरी गंमत मागच्या बाजूला असते. आमच्या जळगावच्या घरी मामांनी सत्तरच्या दशकात आखातातून आणलेला एक जपानी रिसीव्हर आहे. त्याच्या पाठीवर स्क्रूंची रांग : एएम, ग्राउंड, एफएम, आणि स्पीकरच्या दोन जोड्या. त्यातल्या कुठल्या स्क्रूला कधी तार लागली, हा खानदेशचा छोटासा इतिहासच आहे.

त्याआधी घरात होता आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ. त्याची एरियल म्हणजे गच्चीवर दोन बांबूंमध्ये ताणलेली तांब्याची तार. अर्थिंगसाठी मीठ-कोळसा घालून पुरलेला पत्रा, उन्हाळ्यात त्यावर तांब्याभर पाणी. एवढा खटाटोप कशासाठी? तर कोलंबोसाठी! १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण केसकर (आपलेच, पुण्याचे) यांना फिल्मी गाणी हलकी वाटायची. आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली आणि पब्लिक सरळ रेडिओ सिलोनकडे वळलं. त्याच वर्षी 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. शॉर्टवेव्हच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन खाली येतात, त्यामुळे श्रीलंकेतलं गाणं धुळ्यात पोचायचं. पंचवीस मीटर बँडचा पाव भाग म्हणजे सहा-सव्वासहा मीटर. गच्चीवरच्या तारेत हे गणित आरामात बसतं.

सरकारला शहाणपण आलं ते १९५७ मध्ये, विविध भारतीच्या रूपाने. १९६७ मध्ये तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या, पण मुंबई, पुणे, नागपूर इथे. आपण नेहमीप्रमाणे मधल्या मधे. जळगावला स्वतःचं आकाशवाणी केंद्र मिळालं १९७६ मध्ये, मध्यम लहरींवर, ९६३ किलोहर्ट्झ. लहर ३११ मीटर लांब! हिच्या पाव भागाची तार ताणायची तर अठ्ठ्याहत्तर मीटर लागेल, म्हणजे शेजारच्यांची गच्चीही घ्यावी लागेल. पण गरजच नव्हती. केंद्र गावातच, त्यामुळे सेटच्या आतली फेराइटची कांडी पुरायची. बांबू हळूहळू उतरले.

अशा वेळी मामांचा रिसीव्हर आला. त्याचा सगळा दिमाख एफएम स्टिरिओचा. भारतात एफएम सुरू झालं १९७७ मध्ये, तेही मद्रासला. त्यामुळे जळगावात त्या महागड्या डायलचा अर्धा भाग नुसता खरखरायचा. मध्यम लहरींवर दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज. स्टिरिओ ऐकायचा तर रेकॉर्ड लावा! तरी मामांनी दोन स्पीकर खोलीच्या दोन टोकांना मांडले होते. माझ्या मते बरोबरच केलं, मशीनचा मान राखला पाहिजे.

जोडणी तशी सोपी आहे. स्पीकर आठ ओहमचे घ्या. सेट बंद ठेवून लाल तार लालला, काळी काळ्याला. एका बाजूला उलट लागली तर एक पडदा पुढे जाताना दुसरा मागे येतो आणि तबल्याचा डग्गा गायब होतो. तारेचा एखादा केस शेजारच्या स्क्रूला टेकू देऊ नका, आउटपुटचे ट्रान्झिस्टर जळू शकतात आणि जुने मिळणं कठीण.

आणि एफएमचा तो स्क्रू? धुळ्याला आकाशवाणीचं केंद्र आलं ते एफएमवरच, १००.५ मेगाहर्ट्झ. ही लहर जेमतेम तीन मीटरची. हिला गच्ची लागत नाही. जुन्या टीव्हीच्या चपट्या वायरचा दीड मीटरचा तुकडा घ्या, दोन्ही टोकांच्या तारा आपसात जोडा, मधोमध एकच तार कापून तिथून दुसरा तुकडा एफएमच्या दोन स्क्रूंना न्या. तो इंग्रजी टी कपाटामागे चिकटवला की झालं. मावशीच्या धुळ्याच्या घरी रिसीव्हर नेऊन हे केलं. ज्या गावात एकेकाळी कोलंबोसाठी बांबू उभे राहायचे, तिथे दीड मीटर वायर पुरली. मावशीने कपाट पुन्हा भिंतीला टेकवलं आणि आवाज कमी करायला सांगितला.