टीचभर माणूस, दीड हात बूट

आपल्याकडे 'टीचभर' म्हणतात. टीचभर पोट, टीचभर खोली आणि भाडं मात्र हे एवढं! गंमत म्हणजे तिकडे इंग्लंडमधेही बुटक्या माणसाला किंवा लहानखुऱ्या पोराला 'टिच' म्हणतात. कधी लाडानं, कधी चिडवायला. मला आधी वाटलं, साहेबानं इथून जाताना बाकीच्या सामानाबरोबर हा शब्दही उचलून नेला की काय! शोधायला बसलो तर निघालं भलतंच. दोन्ही शब्दांचा काडीचाही संबंध नाही. आपली टीच म्हणजे वीत, हाताच्या मापाची. त्यांचा टिच हा एका जिवंत माणसापासून आला. चार फूट सहा इंच उंचीचा, विनोदी नाच करणारा एक माणूस. आणि त्याचं ते नाव आलं होतं एका तोतयावरून. शनिवार-रविवार दोन्ही त्यात गेले, पण अजिबात वाईट वाटलं नाही.

आधी तोतयाची गोष्ट सांगतो, कारण मराठी माणसाला ती लगेच कळेल.

इंग्लंडमधलं टिचबोर्न हे एक जुनं, गडगंज घराणं. त्या घरचा मुलगा रॉजर १८५४ मधे समुद्रप्रवासात बेपत्ता झाला. जहाज बुडालं असं सगळ्यांनी मानलं. आई मात्र मानायला तयार नव्हती. तिनं पार ऑस्ट्रेलियातल्या वर्तमानपत्रांपर्यंत जाहिराती दिल्या. आणि खरंच, तिथल्या वागावागा नावाच्या गावातून एक खाटीक उठला आणि म्हणाला, मीच तो! रॉजर सडपातळ होता, हा गृहस्थ अगडबंब. रॉजरचं लहानपण फ्रान्समधे गेलेलं, याला धड फ्रेंच येईना. तरीही आईनं त्याला पोटाशी धरलं. आपल्याकडे पानिपतानंतर पार्वतीबाईंनी सदाशिवरावभाऊ गेले हे कधी मान्य केलं नाही आणि पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला, तशातलाच प्रकार. आपल्या तोतयाला १७७६ मधे पेशवाईनं देहान्त शिक्षा दिली. इंग्लंडमधे काळ बदलला होता, त्यामुळे कोर्टात केस चालली. आधी दिवाणी, मग फौजदारी, १८७१ ते १८७४. शेवटी त्याला चौदा वर्षांची सजा झाली. सगळा देश त्या खटल्यानं वेडा झाला होता. पेपरात तेच, व्यंगचित्रांत तेच, दारूच्या गुत्त्यात तेच.

तर अशाच एका गुत्त्याच्या मालकाच्या घरी, केंट परगण्यातल्या कडम या खेड्यात, २१ जुलै १८६७ ला एक मुलगा जन्मला. हॅरी रेल्फ. बापाचं सोळावं अपत्य! बाप तेव्हा सत्तरी ओलांडलेला. मुलाच्या दोन्ही हातांना सहा-सहा बोटं आणि ती अर्धवट जोडलेली. बाळ गुबगुबीत होतं, म्हणून लोक त्याला त्या जाड्या तोतयावरून 'टिचबोर्न' म्हणायला लागले. पुढे पोरगं दहाएक वर्षांचं झालं आणि त्याची उंची वाढायची थांबली ती कायमचीच. चार फूट सहा इंच, म्हणजे १३७ सेंटिमीटर.

आता बघा, शब्दाचा प्रवास कसा उलटा झाला. तोतया होता अगडबंब. त्याचं नाव जाड्या बाळाला चिकटलं. ते बाळ मोठं होऊन बुटकं राहिलं, 'लिटल टिच' या नावानं स्टेजवर आलं, एवढं गाजलं की 'टिच' म्हणजेच बुटका असा अर्थ होऊन बसला. शंभर किलोच्या वरच्या माणसाचं नाव आज एवढ्याशा पोराला लावतात. डिक्शनरीत शब्द राहिला, तोतया विसरला गेला आणि नाचणाराही विसरला गेला.

आणि हा काही किरकोळ कलाकार नव्हता हो. त्या काळात इंग्लंडमधे म्युझिक हॉल म्हणून प्रकार जोरात होता. एकाच रात्री गाणी, नकला, कसरती, जादू असं सगळं, समोर लोक खात-पीत बसलेले, आवडलं नाही तर तोंडावर सांगणारे. टिच बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून या धंद्यात होता. सुरुवातीला तो तोंडाला काळं फासून यायचा, काळ्या लोकांची टिंगल करणारा तो प्रकार तेव्हा सर्रास चाले. आज ते बघवणार नाही, आणि ज्याच्या स्वतःच्या शरीराला लोक हसत होते त्यानंच ते करावं हेही विचित्रच. १८८७ मधे तो अमेरिकेत गेला, तिथे नाव कमावलं. परत आल्यावर १८९० च्या दशकात लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात डॅन लिनो आणि मारी लॉइड यांच्या जोडीनं त्यानं नाताळातले मोठमोठे खेळ केले. हे दोघं म्हणजे त्या काळचे अगदी वरच्या रांगेतले. मग पॅरिस. तिथल्या फोली बर्जेर थिएटरात तर पॅरिसकरांनी त्याला डोक्यावरच घेतलं. १९१० मधे फ्रेंच सरकारनं त्याला पदक दिलं. एका बुटक्या इंग्रज विदूषकाला!

त्याचा सगळ्यात गाजलेला आयटम म्हणजे लांब बुटांचा नाच. बुटाची लांबी २८ इंच, म्हणजे ७१ सेंटिमीटर. जुन्या मापात सांगायचं तर दीड हात. माणसाच्या निम्म्या उंचीएवढे त्याचे बूट!

हा नाच आज आपल्याला बघता येतो, आणि इथेच मी खरा अडकलो. १९०० मधे पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. त्यात 'फोनो-सिनेमा-थिएटर' नावाचा एक तंबू होता. नामवंत कलाकारांच्या छोट्या छोट्या फिल्म घ्यायच्या, काहींचा आवाज फोनोग्राफच्या नळकांड्यावर घ्यायचा आणि प्रोजेक्टर हातानं फिरवत दोन्ही जुळवून दाखवायचे. बोलपटाच्या सत्तावीस वर्षं आधी! (व्हिडिओ आणि ऑडिओ सिंक होत नाही म्हणून आपण आजही मीटिंगमधे कुरकुरतो, त्या हँडल फिरवणाऱ्याचं काय होत असेल बघा.) त्याच कार्यक्रमात सारा बर्नहार्टनं हॅम्लेटच्या द्वंद्वाचा प्रवेश केला, आणि क्लेमां-मोरिस या फोटोग्राफरनं टिचचा बुटांचा नाच टिपला. फिल्म जेमतेम दोन-तीन मिनिटांची. यूट्यूबवर आहे.

मी ती पहिल्यांदा बघितली ती 'चला, जुनं काहीतरी' म्हणून. दुसऱ्यांदा बघितली तेव्हा आवाज बंद करून. मग पॉज करत करत. तो पुढे झुकतो. झुकतच जातो. आता तोंडावर आपटणार असं वाटतं, आणि तो त्या तिरक्या अवस्थेत निवांत थांबतो, जणू बसस्टॉपवर उभा आहे. मग एका झटक्यात सरळ. आणि मधेच बुटांच्या टोकांवर उभा राहतो. म्हणजे बूट उभे, त्याच्यावर माणूस उभा. टीचभर माणूस अचानक दोन मीटरच्या आसपास जाऊन पोचतो आणि वरून आपल्याकडे बघतो. दोरी नाही, खिळा नाही, कॅमेऱ्याची करामत नाही.

मायकल जॅक्सनचं 'स्मूथ क्रिमिनल' आठवतंय? १९८८ च्या त्या व्हिडिओत सगळे ४५ अंशांत पुढे झुकतात. स्टेजवर ते करता यावं म्हणून त्यांनी बुटाची टाच जमिनीतल्या खुंटीत अडकवायची युक्ती काढली आणि १९९३ मधे त्याचं पेटंटही मिळवलं. टिच जमिनीत काहीच अडकवत नव्हता. मग तो पडत का नव्हता?

इंजिनियर माणूस, राहवलं नाही. कागद घेतला. कुठलीही वस्तू कधी पडते? तिच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली रेघ पायाखालच्या आधाराच्या बाहेर गेली की. माणसाचा गुरुत्वमध्य साधारण त्याच्या उंचीच्या ५५ टक्क्यांवर असतो. टिचचा म्हणजे सुमारे ७५ सेंटिमीटरवर. बुटाचा घोट्याच्या पुढचा भाग समजा ६० सेंटिमीटर धरला. शरीर ताठ ठेवून तो घोट्यात किती झुकू शकेल? उत्तर येतं, साधारण ५३ अंश. आता तेच बूट सहा फुटी माणसाला घाला. त्याचा गुरुत्वमध्य मीटरभर उंचीवर. तो ३७ अंशांच्या पुढे गेला की भुईसपाट!

हिशेब ढोबळ आहे, आणि कागदावरचे ५३ अंश प्रत्यक्षात गाठायचे तर सगळा भार पोटऱ्यांवर आणि घोट्यांवर येणार, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा कमीच असणार. पण मुद्दा लक्षात आला का? बूट कोणीही शिवून घेईल. त्या बुटांवर एवढं झुकायला शरीर मात्र त्याचंच हवं, आणि त्या शरीराला वर्षानुवर्षांचा रियाज हवा. ज्या उंचीला लोक हसत होते, तीच उंची त्यानं या यंत्राचा एक पार्ट म्हणून वापरली होती.

हे कळल्यावर मी ती फिल्म पुन्हा लावली आणि ती वेगळीच दिसायला लागली. कारण तोपर्यंत माझ्या मनात एक खटका होता. बुटक्या माणसाला स्टेजवर उभं करून हसणं, यात नक्की हसतोय कशाला? सर्कशीतल्या बुटक्या जोकरला आपण लहानपणी हसायचो, त्याचं नाव कोणी विचारलं का? टिचलाही हे टोचत असणार. आपल्या हातांबद्दल तो फार संकोची होता. स्टेजबाहेर हा माणूस चित्रं काढायचा, चेलो वाजवायचा, परक्या भाषा शिकायचा. लोकांना मात्र दिसायचा तो बुटका. पण फिल्म नीट बघा. सुरुवातीला आपण हसतो ते आकाराला. मग तो झुकतो आणि आपलं हसणं अर्ध्यावर थांबतं, 'आता पडणार' म्हणून. तो पडत नाही. त्यानंतर आपण जे हसतो ते सुटकेचं असतं, थोडं आश्चर्याचं असतं. ते हसू त्यानं मेहनतीनं मिळवलेलं असतं. पहिलं हसू त्याला जन्मानं चिकटलं होतं, दुसरं त्यानं कमावलं. डिक्शनरीनं फक्त पहिलं जपून ठेवलं.

फ्रेंच दिग्दर्शक ज्याक ताती, तो उंचच उंच, तिरका चालणारा मिस्टर हुलो, म्हणत असे की पडद्यावरच्या सगळ्या विनोदाचा पाया या एका छोट्या फिल्ममधे आहे. आणि चॅप्लिन? तो १८८९ मधे जन्मला, लंडनच्या याच म्युझिक हॉलच्या दुनियेत वाढला. ढगळ बूट घालून तो पडद्यावर आला १९१४ मधे. कोणी कोणाचं घेतलं हे मी ठरवणार नाही, पण चॅप्लिन पोरगेला होता तेव्हा टिच हा बुटांचा राजा होता एवढं नक्की.

मग चॅप्लिन राहिला आणि टिच का गेला? मला वाटतं, कारण साधं आहे. चॅप्लिनची कला फिल्मवरच जन्मली, टिचची थिएटरात. त्याच्या काही ग्रामोफोन रेकॉर्ड आहेत, थोड्याशा फिल्म आहेत, बाकी चाळीसेक वर्षांचं काम रोज रात्री पडदा पडला की संपत होतं. १९२७ मधे त्याला पक्षाघात झाला आणि १० फेब्रुवारी १९२८ ला, साठाव्या वर्षी, तो गेला. तोवर बोलपट आलेलाच होता. म्युझिक हॉल हळूहळू सिनेमाच्या थिएटरात बदलत गेले.

आपल्याकडची गोष्ट तर याहून वाईट. टिच पॅरिसला कॅमेऱ्यासमोर नाचला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९०१ मधे, भाऊराव कोल्हटकर गेले. किर्लोस्कर नाटक मंडळीचे भाऊराव, ज्यांच्या आवाजावर अख्खा महाराष्ट्र वेडा होता. भारतात ग्रामोफोनचं ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ मधे. एका वर्षानं हुकलं! तो आवाज आता आपल्याला फक्त वर्णनातून माहीत. आणि भाऊरावांचं निदान नाव तरी आहे. त्याच काळात तमाशाच्या फडांत ज्या सोंगाड्यांनी रात्र रात्र लोकांना लोळवलं, त्यातल्या कितीजणांची नावं आपल्याला सांगता येतील? त्यांच्यापुढे कुणी हँडल फिरवायला उभा नव्हता.

टिचचं नशीब म्हणा, ते दोन-तीन मिनिटांचं एक बॅकअप टिकलं. आणि तेवढं पुरतं. शब्दकोशात त्याच्या नावापुढे 'बुटका' एवढंच आहे, पण ही फिल्म समोर असताना ते खरं वाटणं शक्य नाही.

असो. वेळ मिळाला की फिल्म जरूर बघा. आणि तो झुकतो तिथे एकदा पॉज करून पट्टी लावा. माझा अंदाज चाळीस अंशांच्या आसपासचा आहे, तुमचा किती येतो ते कळवा!