पाऊस सारखाच, पण सोमवार वेगळा

कारवाँ हा मूळ फारसी शब्द. आपल्याकडे तो गझलेत शिरला, इंग्रजांकडे गेला तेव्हा त्याला चाकं लागली. पुढे त्याचं शेपूट तुटून 'व्हॅन' झालं. म्हणजे आपल्या शाळेच्या व्हॅनचं घराणं थेट वाळवंटातल्या उंटांपर्यंत पोचतं बरं का!

आजचा विषय मात्र उंटांचा नाही, इंग्रजांच्या एका अजब छंदाचा आहे. शुक्रवारी ऑफिस सुटलं की गाडीमागे अख्खं घर जोडायचं, शंभरेक मैल जायचं, कुणा शेतकऱ्याच्या रानात क्लबातल्या मंडळींशेजारी उभं करायचं आणि दोन दिवस पाऊस बघत चहा प्यायचा. ह्याला म्हणतात रॅली.

ह्याचे आद्यपुरुष विल्यम गॉर्डन स्टेबल्स. रॉयल नेव्हीतले निवृत्त डॉक्टर आणि पोरांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक. १८८५ मध्ये त्यांनी ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्याकडून खास स्वतःसाठी गाडी बांधून घेतली, 'द वाँडरर'. वजन सुमारे दोन टन, ओढायला दोन घोडे. पुढे तीनचाकी सायकलवर नोकर, लोकांना सावध करायला! बरोबर हरिकेन बॉब नावाचा न्यूफाउंडलंड कुत्रा. असा लवाजमा घेऊन स्वारी दक्षिण इंग्लंडातल्या ट्वायफर्डहून स्कॉटलंडात इन्व्हर्नेसला पोचली, १,३०० मैलांचा प्रवास. ओल्या चढावर दोन टन ओढणं म्हणजे काय, ते त्या घोड्यांनाच ठाऊक. स्वतःला ते 'जंटलमन जिप्सी' म्हणवत. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९०७ मध्ये जे. हॅरिस स्टोन वगैरे मंडळींनी लंडनमध्ये कॅराव्हॅन क्लब काढला आणि स्टेबल्स त्याचे उपाध्यक्ष झाले. त्याच उन्हाळ्यात लेखिका एलिझाबेथ फॉन आर्निम घोड्यांच्या कॅराव्हॅनमधून केंट परगण्यात फिरल्या. त्यावर बेतलेली त्यांची कादंबरी १९०९ साली आली. त्यात पाऊस, चिखल आणि अर्धीकच्ची बटाटी ह्यांना तोंड देताना एका प्रशियन अधिकाऱ्याचा सगळा तोरा कसा उतरतो त्याची धमाल आहे. थोडक्यात, क्लब जितका जुना तितकीच पावसाची रडगाणीही जुनी.

१९१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने मोटारीमागे जोडायच्या कॅराव्हॅन विकायला काढल्या आणि घोडे सुटले. त्यांच्या जागी भौतिकशास्त्र आलं :) कॅराव्हॅन म्हणजे मोठी पण हलकी पेटी. आडवा वारा लागला किंवा शेजारून ट्रक गेला की ती डोलते. वेग कमी असेल तर हे डोलणं आपोआप विरतं. एका मर्यादेपलीकडे मात्र प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि शेपूटच कुत्र्याला हलवायला लागतं. म्हणून जड सामान खाली, चाकांच्या आसाजवळ. एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के भार जोडाच्या टोकावर. आणि वादळाचा इशारा असेल तर सरळ घरी बसायचं! रविवारी चिखलातून निघताना आणखी एक गंमत. मागच्या भाराने गाडीचं नाक किंचित उचललं जातं, पुढची चाकं ओढणारी असतील तर ती जागच्या जागी फिरत राहतात, आणि शेवटी शेतकऱ्याचा ट्रॅक्टर येतो.

इथवर सगळं मजेचं. पण हे लोक कुणाच्याही शेतात राहू कसे शकतात? उत्तर १९६० च्या कॅराव्हॅन कायद्यात आहे. ह्या कायद्याने कॅराव्हॅन उभ्या करायच्या जागेला परवाना लागू केला. मात्र मान्यताप्राप्त संस्थांना सूट दिली. क्लबाची रॅली ५ दिवसांपर्यंत विनापरवाना चालते. क्लबाने प्रमाणित केलेल्या जागेवर सभासदांच्या ५ कॅराव्हॅन राहू शकतात. त्याच कायद्याच्या २३ व्या कलमाने गावच्या सामायिक माळांवर कॅराव्हॅन लावायला बंदी घालण्याचा अधिकार स्थानिक कौन्सिलांना दिला. हे माळ कोणाचे मुक्काम होते? खऱ्या जिप्सींचे, म्हणजे रोमा लोकांचे. केंटच्या हॉप्सच्या मळ्यांत पिढ्यान् पिढ्या तोडणीला येणारे तेच हे लोक.

म्हणजे बघा, रान तेच, चिखल तोच, चार भिंती आणि दोन चाकंही तीच. एकाचा छंद म्हणून सूट, दुसऱ्याचं घर म्हणून हुसकावणी. १९६८ मध्ये एरिक लबक ह्या खासदाराच्या विधेयकामुळे कौन्सिलांवर जिप्सींसाठी जागा देण्याची जबाबदारी आली. १९९४ च्या कायद्याने ती काढून टाकली.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. ह्याच इंग्रजांनी १८७१ मध्ये इथे गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि फिरत्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. सोलापूरच्या सेटलमेंटचं तारेचं कुंपण त्यातूनच आलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण 'विमुक्त' शब्द चिकटून राहिला. त्या कायद्यानंतर चौदाच वर्षांनी तिकडे स्टेबल्स साहेब हौसेने जिप्सी बनून निघाले होते!

क्लबवाल्यांना मी नावं ठेवत नाहीये. स्वतः ट्रेकवर भिजायला जाणाऱ्याने काय बोलावं? चिखलात राजीखुशीने जाण्यात एक निर्मळ आनंद आहेच. पण तो आनंद वाटतो कारण सोमवारी कोरडं घर वाट बघत असतं. २०१७ पासून त्या क्लबाचं नाव कॅराव्हॅन अँड मोटरहोम क्लब आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्रानेही कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. उत्तमच. फक्त पुढच्या वेळी गावाबाहेरच्या माळावर निळं प्लास्टिक टाकलेली पालं पावसात गळताना दिसली, तर एक प्रश्न विचारून बघा: पाच दिवसांनी उठायला ह्यांना कोण सांगणार आहे, आणि मग जायचं कुठे?